शाईची गादी मी मागे ढकलली

घणसोली गावातल्या एका बाईचा बापाच्या जमिनीतला वाटा चौऱ्याण्णव साली, पावसाळ्याच्या तोंडावर, एका मंगळवारी दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान तिच्याच हाताने काढून घेतला गेला. घेतला तो तिच्या दोन सख्ख्या भावांनी. घेऊ दिला तो एका कचेरीतल्या कारकुनाने. आणि एक साक्षरता कार्यकर्ती शेजारी उभी राहून तिला शाबासकी देत होती. ती कार्यकर्ती मी.

आमच्या कामगार संघटनेत पत्रक लिहायला शिकवायचे तेव्हा एकच गोष्ट डोक्यात हाणायचे. आधी कोणावर अन्याय झाला ते लिही, कधी झाला ते लिही, मग काय रडायचं ते रड. तेवढं लिहून झालं. आता बाकीचं.

मी एकवीस वर्षांची होते. बाप बीडकडच्या गावातून रसायनांच्या कारखान्यात कामाला आलेला, आम्ही कोपरखैरण्याला बैठ्या घरात राहत होतो, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला. तेव्हा देशभर साक्षरतेची मोहीम चालली होती. सगळा देश शिकवायचा होता आणि तोही ठरलेल्या मुदतीत, कारखान्यातली ऑर्डर पूर्ण करतात तसा. शिकवणाऱ्यांना पगार नाही, देशसेवा. देशसेवेला बिनपगारी पोरी बऱ्या पडतात. आम्ही हौसेने गेलो. मला घणसोलीचं जुनं गावठाण दिलं. सोबत एक गुंडाळीचा फळा, पाट्यांचा गठ्ठा, तीन भागांची पुस्तिका आणि पोस्टरं. पोस्टरवर एक भला मोठा काळा अंगठा, त्यावर लाल फुली. ते मी बालवाडीच्या खोलीत अगदी समोर लावलं. रोज दुपारी तीन वाजता बायका येऊन त्या अंगठ्यासमोर बसायच्या. भाजी विकून आलेल्या, धुणी उरकून आलेल्या, आणि मी त्यांना सांगायचे की हा अंगठा म्हणजे तुमची लाज आहे.

या बाईला मी काकी म्हणायचे. वय पन्नासच्या आसपास. नवऱ्याने तरुणपणीच टाकलेली, मूलबाळ नाही. बापाच्या घराच्या मागच्या बाजूला एक खोली होती, तिथे ती तीस वर्षं राहत होती. पुढच्या घरात दोन भाऊ आणि त्यांचे संसार. बापाची शेती नव्या शहरासाठी कधीच गेली होती. त्या बदल्यात आता साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने थोडी जागा परत मिळणार होती. गावात त्याला नुसतं ‘साडेबारा’ म्हणत. साडेबारा आलं का? साडेबारा कुठे आलं? बिल्डरांची माणसं गल्लीत फिरायला लागली होती. बाप मेलेला, त्यामुळे वारस तीन. दोन भाऊ आणि ही.

काकीची एक रीत होती. तिच्याकडे कुठलाही कागद आला, पोस्टाचा असो, रेशनचा असो, पंचायतीचा असो, ती तो दोन माणसांकडून वाचून घ्यायची. पहिला गावातला किराणा दुकानदार, दुसरे तळ्याकाठी राहणारे निवृत्त मास्तर. या दोघांचं एका भिंतीवरून वाजलेलं, दहा-बारा वर्षं बोलणं बंद. म्हणूनच तिने ते दोघे निवडलेले.

मी विचारलं, “काकी, एकाने वाचलं की झालं ना?”

“तुला काय कलतं गो बाय,” ती म्हणाली. “वाचनारा खोटं पन वाचतो. दोघं दोस्त असतील तर दोघं मिलून खोटं वाचतील. ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नायत. एकाने खोटं वाचलं तर दुसरा खुशीनं सांगतो.”

बायका हसल्या. एक म्हणाली, “म्हनून हिनं त्यांचं भांडन मिटू दिलं नाय.”

“मिटलं तर मी मेले ना,” काकी म्हणाली.

मीही हसले. आणि घरी जाऊन वहीत लिहिलं, ‘निरक्षरतेमुळे येणारं परावलंबन’. ही माझी अक्कल. त्या बाईने आयुष्यभर घासून-पुसून एक हत्यार तयार केलं होतं आणि मी त्याला आजार म्हणून टिपून घेतलं.

काकी वर्गात सगळ्यांत तेज. पाटीवर अक्षर असं कोरायची की पेन्सिल मोडायची. पंधरा दिवसांत तिला स्वतःचं नाव आलं, बापाचं आलं, आडनाव आलं. सोळाव्या दिवशी तिने विचारलं, “सही झाली. आता वाचायला कवा लागायचं?”

मी हा प्रश्न आमच्या समन्वयक साहेबांकडे नेला. साहेब पंचायतीच्या खोलीत पंख्याखाली बसायचे.

“वाचन पुढच्या टप्प्यात,” ते म्हणाले. “आधी सह्या पक्क्या करून घ्या. गाव साक्षर झाल्याच्या घोषणेच्या कार्यक्रमाला पाहुणे येणार आहेत.”

“पण सर, पुस्तिकेचे तीन भाग आहेत. आम्ही पहिल्यातली दहा पानंसुद्धा...”

“मॅडम, पाहुणे पुस्तिका बघणार आहेत का सह्या बघणार आहेत?”

संघटनेत कारखानदाराच्या गेटवर घोषणा देणारी मी, त्या पंख्याखाली गप्प बसले. हे मी कमी करून लिहिणार नाही.

मग सगळा वर्ग सही घोटत बसला. सकाळी कोळंबी निवडलेल्या हातांनी, दुपारी सही. परीक्षा आली. ती कशी झाली तेही लिहिते, कारण ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी कोणी लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. पेपरवर नाव बायकांनी लिहिलं. उतारा आम्ही वाचला, उत्तरं आम्ही सांगितली, जिथे बाई अडली तिथे तिचा हात धरून आम्हीच लिहिलं. काकीच्या पेपरावरचं अर्ध्याहून जास्त अक्षर माझं आहे. मीच लिहिलं आणि मीच तपासलं. पास केलं.

घोषणेच्या दिवशी मैदानात मांडव. एक लांब पांढरं कापड ताणून बांधलेलं, त्यावर बायकांनी एकामागून एक सह्या करायच्या आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. काकीचा नंबर आला तेव्हा तिने मार्कर उलटा धरला, मग सरळ केला आणि एवढी मोठी सही केली की पाठच्या बाईला जागा उरली नाही. मांडवात हशा पिकला. पाहुणे म्हणाले, “आता या भगिनी कोणाच्या मिंध्या नाहीत.” प्रमाणपत्रं वाटली. ‘साक्षर’ असा गोल शिक्का आणि खाली शिक्षिका म्हणून माझी सही. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन फळा आणि पाट्या घेऊन गेला. वर्ग बंद. गाव साक्षर झालं होतं ना, मग वर्ग कशाला?

काकी मला वाटेत गाठून म्हणाली, “अगो, माजं वाचायचं राहिलं.”

मी म्हटलं, “येईल काकी पुढचा टप्पा.”

तो टप्पा आमच्या गावठाणात अजून यायचा आहे.

महिनाभराने ती आमच्या घरी आली. कोपरखैरण्यापर्यंत चालत. हातात प्लास्टिकच्या पिशवीत ते प्रमाणपत्र. भाऊ म्हणालेत, साडेबारासाठी वारसांची नावं लावायची आहेत, कचेरीत येऊन सही करायची आहे, आणि प्रमाणपत्र सोबत आण. कागद भावाने आदल्या दिवशी दाखवला होता, वरवर. तिने हातात मागितला तर म्हणाला, मंगळवारी तिथेच बघ.

“मी म्हनलं,” काकी सांगत होती, “आधी दुकानात नेते, मंग मास्तरांकडं. तर धाकटा हसला. म्हनाला, आता तू शिकलेली ना, मंग कशाला दारोदार फिरतेस? तू सांग, नेऊ का नको?”

तिने मला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. दोन शब्दांचं उत्तर होतं, ‘न्या काकी’. ती घरी परतली असती, कागद मागून घेतला असता, दिला नसता तर गेलीच नसती.

मी म्हटलं, “काकी, तुम्ही आता साक्षर आहात. परत त्या दुकानदाराच्या पायऱ्या चढलात तर माझं नाक कापलं जाईल. मी येते तुमच्याबरोबर.”

म्हणजे नाक माझं आणि वाटा तिचा.

मंगळवारी आम्ही कचेरीत गेलो. काकीने लग्नाला नेसतात तशी साडी नेसलेली, गजरा. दोघे भाऊ आधीच आलेले. थोरल्याने मला चहा मागवला. मी मराठवाड्याकडची, कुठल्या घरची, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्या दारात मला पाण्याचा पेला कधी हातात मिळाला नव्हता, काकीच मागून आपल्या तांब्यातून पाणी द्यायची. त्या दिवशी मात्र “घ्या ना टीचर, बिस्कीट घ्या.” मला तेव्हाच कळायला हवं होतं. उलट मला वाटलं, बघा, शिक्षणाने माणूस बदलतो.

टेबलामागे कारकून. समोर कागद, तीन-चार पानांचा, हिरवट. त्या कचेरीची रीत अशी की अंगठा असेल तर कागद मोठ्याने वाचून दाखवायचा, दोन माणसं साक्षीला घ्यायची, आणि अंगठ्याच्या बाजूला लिहायचं: ‘वाचून दाखवले, समजले, मान्य.’ आमच्या आधी एक म्हातारा होता, त्याच्यासाठी कारकुनाने पूर्ण कागद वाचला. कंटाळत, जांभया देत, पण वाचला. म्हाताऱ्याने मधेच थांबवून दोनदा विचारलं, “विहीर कोनाकडं ऱ्हायली?” कारकुनाला परत मागे जाऊन विहिरीचं वाक्य वाचावं लागलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग काकीचा नंबर. कारकुनाने तिच्याकडे न बघता निळ्या शाईची गादी तिच्यापुढे सरकवली आणि चष्मा लावून पहिलं पान हातात घेतलं. तो वाचणार होता. हे पुन्हा वाचा. तो वाचणार होता.

मी पुढे झाले, ती गादी उचलली आणि त्याच्या बाजूला ढकलली. “अंगठा नाही. त्यांना सही येते. त्या साक्षर आहेत.”

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. “वाचता येतं?”

काकीने माझ्याकडे पाहिलं. धाकट्या भावाने पिशवीतून प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, “हो.”

“झकास,” कारकून म्हणाला. “मग इथे, इथे आणि मागच्या पानावर.” त्याने पान खाली ठेवलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

काकीने तीन सह्या केल्या. सावकाश, जीभ दातात धरून. शेवटच्या सहीला तिने वर बघून मला डोळा मारला. मी टाळ्या वाजवल्या. कचेरीत. मी टाळ्या वाजवल्या.

पावसाळा संपल्यावर भावांनी घर पाडायला काढलं. जुनं घर जाणार आणि तिथे भाड्याच्या खोल्यांचे चार मजले चढणार. साडेबाराचा प्लॉट बिल्डरकडे गेलेला. काकीने विचारलं, माझी खोली कुठल्या मजल्यावर? थोरला म्हणाला, तुझी कसली खोली, तू सोडून दिलंस ना. तिला वाटलं, मस्करी करतोय. मग तिने जुनीच रीत धरली. भावजयीकडून गोड बोलून कागदाची झेरॉक्स काढून आणली आणि दुकानदाराकडे गेली. मग मास्तरांकडे. दोघांनी वेगवेगळं वाचलं आणि एकच निघालं. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या सर्व मिळकतीतला माझा वाटा मी राजीखुशीने, काही न घेता, दोन्ही भावांना कायमचा सोडून देत आहे. आणि खाली, तिच्या सहीच्या डोक्यावर: ‘वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला समजला.’

ती माझ्याकडे भांडायला आली नाही. मीच बातमी ऐकून गेले. घराचं छप्पर उतरवलेलं, मागच्या खोलीत तिची चूल तेवढी उरलेली. मी थोरल्या भावावर ओरडले. चोर म्हटलं.

तो शांतपणे म्हणाला, “टीचर, आमच्यात बहिनी सोडतातच. माहेर तुटू नये म्हनून सोडतात. वाचून दाखवला असता तरी हिनं सही केली असती. विचारा हिला.”

काकी चुलीपाशी बसून होती. म्हणाली, “केली असती का नसती, ते मी ठरवायचं व्हतं. तू नाय. आन केली असती तर आधी खोली लिवून घेतली असती. एक खोली. म्हातारा मधी बोलला ना विहिरीचं, तशी मी पन बोलले असते.”

म्हणजे तिने त्या म्हाताऱ्याचं सगळं ऐकलं होतं. ती आपल्या नंबरची वाट बघत होती, मधे बोलायला.

ओळखीच्या एका वकिलाकडे तिला घेऊन गेले. त्याने कागद चाळला. “अंगठा असता तर म्हणता आलं असतं की हिला वाचून दाखवलं नाही. इथे तीन सह्या आहेत, खणखणीत. वर हे साक्षरतेचं सर्टिफिकेट जोडलंय. हिला वाचता येत नाही हे सिद्ध कोण करणार? सर्टिफिकेटवर सही कोणाची आहे?”

“माझी,” मी म्हटलं.

“मग तुम्ही कोर्टात सांगा, मी खोटं सर्टिफिकेट दिलं म्हणून.”

मी तयार होते, हे खरं आहे. समन्वयक साहेबांकडे गेले, परीक्षेचे पेपर मागितले. काकीच्या पेपरावरचं माझं अक्षर कोणालाही दाखवता आलं असतं. साहेब म्हणाले, पेपर रद्दीत गेले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “एका बाईसाठी सगळ्या तालुक्याचं काम खोटं पाडणार आहात?” तरी मी वकिलाला लेखी जबानी दिली. वकील म्हणाला, एकट्या तुमच्या शब्दाने काय होणार. तरी काकीच्या नावाने अर्ज केला, तो अजून पडून आहे. काकीचं मन कधीच उठलं. घर पडलं तसा तिचा संसारही एका गोणीत बांधला गेला.

ती मोऱ्याच्या बंदरावर गेली, उरणपलीकडे, मावसबहिणीच्या घरी. तिथे धक्क्यावर सुकी मासळी निवडते. गेल्या मार्चमध्ये पनवेलहून उरणची एसटी धरून मी गेले. काकी सुका जवळा चाळत होती. मला बघून म्हणाली, “आलीस? बस. सावलीत बस, काली होशील.” हे ती मला म्हणाली. मला.

मी म्हटलं, “काकी, मी तुम्हाला शिकवायला येऊ? दर रविवारी. वाचायला.”

तिने चाळण बाजूला ठेवली, आत जाऊन तीच प्लास्टिकची पिशवी आणली. आत झेरॉक्स, घड्यांवर फाटलेली. “आधी ह्यो वाच. तू नाय वाचलास अजून मना.”

खरं होतं. दुकानदाराने वाचला, मास्तरांनी वाचला, वकिलाने वाचला. मी तिला तो कागद कधीच वाचून दाखवला नव्हता. धक्क्यावर बसून मी पहिल्या ओळीपासून वाचला. सर्व्हे नंबर, चतुःसीमा, राजीखुशी, कायमचा. ती मधे थांबवायची. “राजीखुशी म्हंजे कोनाची? परत वाच.” मी परत वाचायचे. सहीपाशी आलो तेव्हा तिने तिच्यावर बोट ठेवलं. “सही मातर फाकडू आली हाय,” ती म्हणाली.

मग तिने होडीच्या तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला हाक मारली. तो उठून आला. तिने त्याला विचारलं, “हिला वलकतोस का?”

“नाय.”

मला विचारलं, “तू?”

“नाही, काकी.”

“मंग बरं हाय.” कागद माझ्या हातातून काढून तिने त्याच्या हातात दिला. “वाच मोठ्यानं.”

तो वाचायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती, मी कुठे दचकते का ते. सगळी पानं संपेपर्यंत मी तिच्या नजरेखाली बसले.

आता मी रविवारी जाते. पुस्तिका नेत नाही. तिच्याकडे जो कागद आलेला असेल त्यावरूनच शिकवते. तीन महिन्यांत तिला अर्धं पान वाचता यायला लागलंय, बोट ठेवून. पण रीत तिने सोडलेली नाही, आणि मी सोडायला सांगत नाही.

तुम्ही हे वाचताय, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. तुमच्या सोसायटीत, तुमच्या आळीत, तुमच्या स्वयंपाकघरात अशी एक तरी बाई आहे, जिला आम्ही सही शिकवली आणि वाचन शिकवलं नाही. कदाचित ती तुमची आई असेल. तिने शेवटची सही केली तो कागद आज तिच्याकडून मागून घ्या आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिला मोठ्याने वाचून दाखवा. ती मधे थांबवेल तिथे थांबा. वाचून झालं की कागद तिच्या हातात परत द्या आणि ज्या शेजाऱ्याशी तुमचं बोलणं नाही, त्याच्या दाराशी तिला पाठवा. तो काय वाचतो ते तिला ऐकू द्या. उठा. आधी कागद मागा.